राजधानीचं बिऱ्हाड

आमच्या आस्थापना शाखेत बदल्यांचा हंगाम आला की माझ्या टेबलावर प्रवासभत्त्याच्या बिलांचा ढीग लागतो. गोव्यातली बदली ती केवढी! पेडण्याहून काणकोणला टाकलं तरी माणूस काळ्या पाण्यावर निघाल्यासारखा चेहरा करून येतो. पण नियमांचं पुस्तक मात्र सगळ्या भारताचा विचार करून लिहिलेलं. माणसाने एका शहरातून दुसऱ्या शहरात बिऱ्हाड हलवायचं तर त्याला काय काय लागेल, याची त्यात बारीक मोजदाद आहे. केंद्राच्या सध्याच्या नियमांप्रमाणे वेतनस्तर 6 आणि त्यापुढच्या नोकरदाराला 6000 किलो सामान नेता येतं, स्तर 5 वाल्याला 3000 किलो, आणि त्याखालच्यांना 1500 किलो. अंतर हजार किलोमीटरच्या आत असेल तर नव्या जागी रुजू व्हायला 10 दिवस, हजार ते दोन हजार असेल तर 12, आणि त्याही पलीकडे 15 दिवस. शिवाय बांधाबांधीसाठी एकरकमी अनुदान, कुटुंबाचं भाडं, हवी असल्यास आगाऊ उचल.

हे सगळं वाचताना मला नेहमी एक प्रश्न पडायचा. एका माणसाची बदली झाली तर एवढा हिशेब. मग अख्ख्या सरकारचीच बदली झाली तर?

तुम्ही म्हणाल, असं कुठे होतं का? झालं होतं मंडळी. आणि त्या बदलीची गोष्ट मला कुठल्याही ग्रंथालयात नाही, तर मोहगावात आठवली. म्हणून आधी मोहगाव.

मोहगाव नावाची गावं मध्य प्रदेशात बरीच आहेत. हे सौंसरजवळचं, 'मोहगाव हवेली' म्हणून ओळखलं जाणारं. इथलं अर्धनारीश्वराचं देऊळ प्रसिद्ध आहे. काही वर्षांपूर्वी नागपूरला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा यजमानांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या पाहुण्यांना गाडीत घालून तिकडे दर्शनाला नेलं. सावनेर मागे पडलं, थोड्या वेळाने राज्याची हद्द ओलांडली. म्हणजे पाट्यांवरून कळलं म्हणून, एरवी कळायला काही मार्ग नव्हता. तीच काळी जमीन, तीच कपाशी, त्याच संत्र्याच्या बागा. पाट्यांवरची भाषा हिंदी झाली, पण देवळाबाहेर फुलं विकणारी बाई बोलली ती चक्क मराठीत. नागपुरी ढंगाचं, वाक्याच्या शेवटी 'जी' लावणारं मराठी.

देवळाच्या आवारात एक म्हातारे गृहस्थ भेटले. मी गोव्याचा आहे आणि मराठी बोलतो याचं त्यांना जेवढं आश्चर्य वाटलं, तेवढंच ते मध्य प्रदेशचे असून मराठी बोलतात याचं मला वाटलं. आम्ही दोघेही महाराष्ट्राबाहेरचे मराठी! बोलता बोलता त्यांनी सांगितलं त्याचा मतितार्थ असा, की त्यांच्या लहानपणी हे गाव राजधानीच्या शेजारचं गाव होतं. गाव जागचं हललं नाही, पण राजधानी उठून निघून गेली.

घरी आल्यावर हे वाक्य मनातून जाईना. मग जुने संदर्भ चाळायला बसलो.

नागपूर ही राजधानी होती, हे आपण आता जवळजवळ विसरलो आहोत. 1861 मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत बनवला तेव्हापासून त्याचा कारभार नागपुरातून चाले. 1903 पासून वऱ्हाड त्याला जोडलं गेलं. स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये याच प्रांताचं नाव 'मध्य प्रदेश' झालं. म्हणजे मध्य प्रदेशाची पहिली राजधानी भोपाळ नव्हे, नागपूर! छिंदवाडा जिल्हा या प्रांतातला, आणि त्याचा घाटाखालचा दक्षिण भाग, म्हणजे सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख, हा नागपूरच्या मैदानाचाच तुकडा. भाषा मराठी, सण पोळ्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जांब नदीवर होणारी गोटमार तर वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंतही पोहोचते.

मोहगावच्या माणसाला त्या काळी सचिवालयात काम निघालं, हायकोर्टात अपील निघालं, तर नागपूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर. आज निघून उद्या परत.

डिसेंबर 1953 मध्ये फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. सप्टेंबर 1955 मध्ये त्याचा अहवाल आला. आयोगाने वेगळा विदर्भ सुचवला होता, तो काही झाला नाही. शेवटी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात जायचे आणि उरलेला हिंदी मुलूख मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ या राज्यांबरोबर एकत्र करून नवा मध्य प्रदेश करायचा, असं ठरलं. आयोगाने सहसा जिल्हा हेच माप धरलं. छिंदवाडा जिल्हा एकूण हिंदी, म्हणून तो अख्खा तिकडे. त्याच्या खालच्या टोकाला मराठी बोलणारा एक तालुका लोंबतो आहे, याची नोंद घेण्याइतकं ते माप बारीक नव्हतं. महाराष्ट्राने पुढे कर्नाटकाशी वाद घालताना 'खेडं हा घटक धरा' म्हणून आग्रह धरला. सौंसर-पांढुर्ण्याच्या वाट्याला हे माप आलं नाही.

आता आपण मूळ विषयाकडे येऊ. बदलीचा हिशेब.

राज्य पुनर्रचना कायद्यावर शिक्कामोर्तब झालं 31 ऑगस्ट 1956 रोजी. नवी राज्यं अस्तित्वात यायची होती 1 नोव्हेंबरला. मध्ये सप्टेंबर आणि ऑक्टोबर, म्हणजे एकसष्ट दिवस. बेत आधीपासून शिजत होता हे खरं, पण कायद्याचा कागद हातात पडल्यावर उरले ते दोन महिने. एवढ्यात एका राजधानीचं दप्तर, माणसं आणि न्यायालय उचलून दुसरीकडे मांडायचं!

तारखाही कशा पाहा. सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च. नागपूरच्या विधानसभेने वर्षाचा अर्थसंकल्प मंजूर केलेला, तो जुन्या राज्यासाठी. सात महिने झाल्यावर ते राज्यच विरघळणार. मग उरलेल्या पाच महिन्यांचा खर्च कोणी, कोणत्या शीर्षाखाली करायचा? जुन्या राज्याचं कर्ज, शिल्लक, इमारती यांची वाटणी कशी? कायद्यात यासाठी भरपूर कलमं आहेत. कर्मचाऱ्यांसाठी कलम 115. कोणता माणूस कोणत्या राज्याच्या वाट्याला, याचं आधी तात्पुरतं वाटप आणि मग केंद्राचा अंतिम निर्णय. केंद्राच्या आगाऊ मंजुरीशिवाय त्याच्या सेवाशर्ती त्याचं नुकसान होईल अशा बदलायच्या नाहीत, हेही त्यात लिहिलेलं. कारकून या नात्याने मला त्या कलमाबद्दल आदर वाटतो. कोणीतरी आमचा विचार केला होता.

शाळेचं वर्ष अर्ध्यावर आलेलं. आणि 1956 ची दिवाळी नेमकी नोव्हेंबरच्या त्या पहिल्याच दिवसांत होती! घराघरात फराळाची तयारी चालली असेल, आणि त्याच घरांत कोणी ट्रंका बांधत असेल.

त्या काळच्या बिलांचा हिशेब रुपये-आणे-पैत, सामानाचं वजन मणांत, अंतर मैलांत. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले. नोव्हेंबरात बदली झालेल्या कारकुनाने बिल आण्यांत भरलं असेल आणि ते मंजूर होऊन हातात पडेपर्यंत आणे जाऊन नवे पैसे आले असतील, अशी मला दाट शंका आहे. सरकारी बिलांची चाल मला ठाऊक आहे!

बिलात बसणारे खर्च ठरलेले: गाडीभाडं, मालाचं भाडं, दैनिक भत्ता. बिलात न बसणारे खर्च ज्याने बदली भोगली आहे त्याला विचारा. जाताना विकून टाकलेलं कपाट आणि तिथे गेल्यावर दुप्पट किमतीला घेतलेलं कपाट. म्हातारे आईवडील इकडेच राहिले म्हणून चालवायच्या दोन चुली. वाण्याकडची उधारी फेडून निघायचं, आणि नव्या वाण्याने उधार द्यायला लागेपर्यंत रोखीने जगायचं. मुलाचं बुडालेलं वर्ष. नागपुरात मराठी शाळेत चौथीत असलेलं पोर भोपाळात हिंदी शाळेत पाचवीत बसणार, तर त्याचा खर्च कोणत्या रकान्यात मांडायचा?

आणि ज्या शहरात जायचं, त्याची तयारी? 1951 च्या जनगणनेत नागपूरची वस्ती साडेचार लाखांच्या घरात होती. भोपाळची होती जेमतेम लाखभर. नबाबाच्या संस्थानाचं, तलावांच्या काठचं, देखणं पण लहान गाव. तिथे नुसते नागपूरचे लोक यायचे नव्हते. मध्य भारताचं सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला बसे, त्याची माणसं आली. विंध्य प्रदेशाची रेव्याहून आली. आयोगाने राजधानी म्हणून जबलपूर सुचवलं होतं. निवड भोपाळची झाली, आणि मग सगळ्यांची समजूत काढायला कचेऱ्यांची वाटणी झाली. हायकोर्ट जबलपूरला, महालेखापाल ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग इंदूरला. नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला जबलपूरला गेले आणि नव्या मध्य प्रदेश हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. पुढे ते भारताचे सरन्यायाधीश आणि उपराष्ट्रपतीही झाले.

राजधानी आल्यावर भोपाळात सरकारी नोकरांसाठी घरं बांधावी लागली. तात्या टोपे नगराच्या भागात वसाहती उभ्या राहिल्या. त्यांना नावं कसली पडली म्हणता? '1250 क्वार्टर्स', '1100 क्वार्टर्स', '74 बंगले', '45 बंगले'. जेवढी घरं तेवढं नाव! ती नावं अजून लोकांच्या तोंडात आहेत. तिथलं जयप्रकाश रुग्णालयसुद्धा साऱ्या भोपाळला '1250' म्हणून माहीत. अंदाजपत्रकातला आकडा गावाचं नाव झाल्याचं असं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही. आणि ही आणखी एक गंमत. राजधानी झालेलं भोपाळ जिल्ह्याचं ठाणंही नव्हतं. ते सिहोर जिल्ह्यात होतं. भोपाळ जिल्हा झाला 1972 मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी.

31 ऑक्टोबरच्या रात्री रविशंकर शुक्ल यांनी नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. तोपर्यंत ते नागपुरात बसणाऱ्या सरकारचे मुख्यमंत्री होते. नव्या राज्यात त्यांना दोनच महिने मिळाले. 31 डिसेंबर 1956 ला ते वारले. त्याच 1 नोव्हेंबरला आंध्रची राजधानीही कर्नूलहून हैदराबादला गेली. म्हणजे त्या दिवाळीत देशात दोन राजधान्या बिऱ्हाड हलवत होत्या. आपला गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या हातात. आपल्याला हे सगळं परदेशातली बातमी वाचल्यासारखं वाचावं लागलं असणार.

नकाशा काढून पाहा. नागपूरहून भोपाळला जाणारा लोहमार्ग काटोल, नरखेड करत पुढे पांढुर्ण्याला येतो. मग मुलताई, आमला, बैतूल, इटारसी आणि भोपाळ. सुमारे 390 किलोमीटर. म्हणजे भोपाळला बदली होऊन रेल्वेने निघालेल्या प्रत्येक कारकुनाला वाटेत पांढुर्णा स्टेशन लागलं. राजधानी ज्यांना मागे टाकून चालली होती, त्यांच्याच दारावरून गेली!

जाणाऱ्यांना निदान भत्ता मिळाला. मोहगावचं काय? मोहगावचा माणूस घरातून हलला नाही, म्हणून त्याला प्रवासभत्ता नाही. पण सचिवालयाचं अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरचं तीनशेच्या पुढेमागे झालं. हायकोर्ट जबलपूरला, म्हणजे अडीचशेच्या वर. एका अपिलासाठी एक दिवसाचं काम दोन-तीन मुक्कामांचं झालं. गाडीभाडं, धर्मशाळा, बुडालेली मजुरी, आणि हिंदीत अर्ज लिहून देणाऱ्याची दक्षिणा. हा खर्च एकदाचा नव्हे. तो दर कामाला, दर पिढीला. बाजार, दवाखाना, सोयरीक यांसाठी ही माणसं आजही नागपूरकडेच बघतात, फक्त सरकारी शिक्का तेवढा भोपाळचा. नोकर हलला की त्याचा खर्च सरकारचा, आणि सरकार हललं की त्याचा खर्च रयतेचा, असा हा न लिहिलेला नियम आहे.

आपल्या गोव्याने हे फार आधी पाहिलं आहे. संभाजीराजांच्या 1683 च्या स्वारीने हादरलेल्या पोर्तुगीज व्हिसेरेईने राजधानी जुन्या गोव्याहून मुरगावला हलवायचा घाट घातला. कामही सुरू झालं. मग पैसा, मग लिस्बनचे 'करा' आणि 'थांबा' असे हुकूम, आणि अठराव्या शतकाच्या आरंभी तो बेत बारगळला. शेवटी 1759 मध्ये व्हिसेरेई पणजीला आदिलशहाच्या वाड्यात राहायला आला, आणि पणजी कायद्याने राजधानी झाली 1843 मध्ये. दहाएक किलोमीटर सरकायला 84 वर्षं! नागपूरवाल्यांना चाळीसपट अंतरासाठी एकसष्ट दिवस मिळाले. दोन्हीकडे मागे राहिलेल्यांचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. जुन्या गोव्यात आज उभं काय आहे आणि नाहीसं काय झालं आहे, ते आपण रोज बसमधून बघतो.

त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, आपले देव हलले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली. तिथे कसला नियम आणि कसली उचल! पण त्या स्थलांतरात एक गोष्ट सरकारी बदलीपेक्षा वेगळी होती. देव गेले तरी मागे राहिलेल्या गावाशी नातं तोडून गेले नाहीत. आजही महाजन आपलं मूळ गाव सांगतात.

महाराष्ट्रानेही एक नातं राखायचा प्रयत्न केला आहे, हे सांगायला हवं. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात असं ठरलं होतं, की सरकारने दर वर्षी काही काळ नागपूरला मुक्काम हलवावा आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन तिथे भरवावं. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, आणि तेव्हापासून हिवाळ्यात मुंबईचं सचिवालय फायली, शिपाई, मंत्री यांच्यासकट आठशेहून अधिक किलोमीटरवर नागपूरला जातं. काही वर्षं चुकली. 2020 आणि 2021 मध्ये कोरोनामुळे हे अधिवेशन मुंबईतच झालं. पण प्रथा चालू आहे. ज्या विधानभवनाचं राज्य 1956 मध्ये उठून गेलं, तिथे वर्षातून काही दिवस पुन्हा दिवे लागतात. नागपुरात '160 खोल्यांचे गाळे' म्हणून अधिवेशनाच्या वेळची सरकारी निवासाची जागा आहे. इथेही आकड्याचंच नाव! खर्च फार होतो, उपयोग काय, अशी टीका दर वर्षी होते. ती खोटीही नसेल. पण मोहगाव पाहून आल्यापासून मला तो खर्च फुकट गेलेला वाटत नाही. ती गमावलेल्या राजधानीची भरपाई आहे, हप्त्याहप्त्याने दिलेली.

मोहगावला असा हप्ता कोणी देत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, पांढुर्णा आणि सौंसर त्यात आले. जिल्ह्याचं ठाणं घाटावरून खाली, आपल्या मुलखात आलं. पुन्हा नव्या कचेऱ्या, नवे शिक्के, बदलून आलेले नवे कारकून, त्यांची बिलं. कुठल्या तरी आस्थापना शाखेत माझ्यासारखाच एकजण ती तपासत बसला असेल.

मी सध्या एक सवय लावून घेतली आहे. मध्यंतरी आमचीच एक शाखा एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत हलली. टेबलं, संगणक, पंखे यांची यादी चोख झाली. जुन्या पत्त्यावर येणाऱ्या लोकांसाठी दारावर एक कागद चिकटवायचं मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. चार दिवस सत्तरीतून, सांग्यातून आलेली म्हातारी माणसं बंद दार ठोठावून परत गेली. पाचव्या दिवशी मी स्वतः जाऊन कागद चिकटवला, कोकणीत आणि मराठीत. कागद, डिंक, जाण्यायेण्याचं बसभाडं सगळं मिळून पन्नास रुपयेही लागले नाहीत. हा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा ते सापडलं नाही, म्हणून खिशातूनच केला.

चिकटवताना मोहगावच्या देवळातले ते गृहस्थ आठवले.